बिनइंजिनाची जीप आणि पांढऱ्या सदऱ्यातले सर

मी जीप विकत घेतली तेव्हा बॉनेट उघडून पाहिलं नाही. आत इंजिन नव्हतं.

लोक विचारतात, ट्रायल नाही घेतली का? घेतली होती की. जीप विकणाऱ्या नेरच्या माणसाच्या घरामागं उताराचा लांबलचक प्लॉट होता आणि जीप नेमकी वरच्या टोकाला उभी होती. मी स्टेअरिंगवर बसलो, तो शेजारी. चावी फिरवली, लाल दिवा लागला. त्याच्या दोन भावांनी मागून हात लावला. मला वाटलं, जुनी गाडी घरातून चालली म्हणून प्रेमानं हात फिरवून राह्यले. जीप निघाली. काय निघाली म्हणता, लोण्यावरून सुरी जावी तशी. रस्त्यापर्यंत आलो, ब्रेक मारला, तोही लागला.

"आवाज आला काही?" त्यानं विचारलं.

"बिलकुल नाही."

"मंग. गाडी अशी पायजे."

मी तिथंच सौदा पक्का केला. बॅटरी उतरली आहे, ट्रॅक्टरला बांधून न्या, असं त्यानं सांगितलं, तेही मला सरळ वाटलं.

जीप मला पाहिजे होती ती हौसेपोटी नव्हे. पांढरकवड्याला माझं चक्क्यांचं दुकान आहे. पिठाच्या, मिरचीच्या, डाळीच्या. दुकानाच्या पाटीवर मी मोठ्या अक्षरांत 'घरपोच' असं रंगवून घेतलं होतं. एके दिवशी झरी जामणीकडच्या एका पोडावरच्या बाई आल्या. पोड म्हणजे कोलामांची डोंगरावरची वस्ती. या बाई तिथल्या बचत गटाच्या अध्यक्ष. त्यांनी एक चक्की पसंत केली, पावती घेतली आणि पाटीकडं बोट केलं.

"भाऊ, हे घरपोच लिवलं हाय नं?"

"हो बाई, अगदी तुमच्या दारात."

"आमचं दार वर हाय."

वर म्हणजे किती वर, हे मी विचारायला पाहिजे होतं. मी चहा मागवला.

दुसऱ्या दिवशी टेम्पोवाला पायथ्यापर्यंत जाऊन चक्कीसकट परत आला. त्यानं सांगितलं की वर जायला रस्ता नाही, गोटे आहेत. ट्रॅक्टरवाल्यानं तर चढाकडं नुसतं पाहिलं आणि ट्रॉली वळवली. बैलगाडीवाला म्हणाला, बैल मला ओळखतात, त्यांना तोंड दाखवायचं आहे. वर वीज पोचली होती, पण पीठ अजून बायकांच्या डोक्यावरूनच खालीवर करत होतं. दळण घेऊन उतरायचं, पीठ घेऊन चढायचं, त्यात आख्खा दिवस. आणि या बाईंच्या मुलीचं लग्न ठरलेलं. त्यांनी व्याह्याच्या घरी, चारचौघांत सांगून टाकलं होतं की लग्नाचं पीठ आमच्या चक्कीवरचं राहीन, वरच दळलेलं.

"आता ते पीठ खालून आलं तर माया पोरीले सासरी जनमभर आयका लागन," त्या फोनवर म्हणाल्या. "तुमी पाटीवर लिवलं, मी तोंडानं बोलली. दोघायचंही खरं करा लागते."

म्हणून जीप. चारही चाकं ओढणारी जुनी जीप तो चढ चढते असं मला कुणीतरी सांगितलं होतं. इंजिनासकट, हे सांगायचं त्याच्या डोक्यात आलं नसावं.

ट्रॅक्टरमागं बांधून ती मी राळेगावच्या रस्त्यावर सरांच्या शेडमध्ये नेली. सर आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिकचा वर्ग शिकवून निवृत्त झालेले. कडक इस्तरीचा पांढरा सदरा, पांढरा पायजमा, त्यांवर निळीची हलकी झाक, आणि हातात तुराटी. तुरीच्या झाडाची वाळकी काडी. सर कधी इंजिनाला हात लावत नसत. तुराटीनं दाखवत. "हा नट. डावीकडं. तुझी डावी, माझी नव्हे." ज्याची गाडी त्यानंच ती खोलायची, त्यानंच धुवायची, त्यानंच जोडायची, हा शेडचा नियम. डॉक्टर असो, वकील असो, बाहीला ग्रीस लागल्याशिवाय तिथून कुणी बाहेर पडत नसे. सर मात्र सकाळी जसे यायचे तसेच पांढरेशुभ्र संध्याकाळी घरी जायचे आणि त्याचा त्यांना भारी गर्व होता. "मेकॅनिक मळला म्हणजे समजायचं, त्याला विषय येत नाही," असं म्हणायचे. मळलेले आम्ही सगळे त्यांच्याभोवती उभे राहून मान डोलवायचो.

सरांनी तुराटीनं बॉनेटकडं इशारा केला. मी उघडलं. आत गोणपाटाचा एक तुकडा होता आणि त्यावर एक सरडा.

सरांनी बराच वेळ पाहिलं. मग माझ्याकडं वळून शुद्ध भाषेत विचारलं, "आपण हे वाहन चालवून पाहिलं होतं का?"

सर शुद्ध बोलायला लागले की राग आला असं समजायचं. एरवी आमच्यासारखेच बोलत.

"चालवलं होतं सर. फार शांत चालली."

"चालणारच. सरडा कुठं आवाज करते?"

सर सगळ्या गोष्टींना शंभरपैकी मार्क द्यायचे. चहाला, भाषणाला, लग्नातल्या जेवणाला, आमदाराच्या नमस्काराला. काकूंच्या, म्हणजे त्यांच्या पत्नीच्या, पिठल्याला त्यांनी एकदा बासष्ट दिले होते. त्यानंतर आठवडाभर त्यांना पिठलंच मिळालं आणि आठवड्याच्या शेवटी ते ब्याण्णव झालं. माझ्या जीपखरेदीला त्यांनी दोन दिले. शून्य देता येत नाही म्हणाले, नाव लिहिल्याचे दोन द्यावे लागतात.

मग ते माझ्या जीपमध्ये झोपले. हीही त्यांची रीत. आलेल्या प्रत्येक गाडीत दुपारी एक झोप काढल्याशिवाय ते कामाचं बोलत नसत. ट्रकच्या टपावर, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, एकदा तर म्हणे रोडरोलरवर. झोपेत माणूस ज्या बाजूला घरंगळतो त्या बाजूला चासी वाकलेली असते, असा त्यांचा सिद्धांत होता. त्या दुपारी ते जीपच्या मागच्या फळीवर उताणे झोपले आणि उताणेच उठले.

"सांगाडा सरळ हाय," डोळे चोळत म्हणाले. "आणि झोप फस्क्लास लागली. इंजिन नसल्याचा तेवढा फायदा. काहून घेतली ही?"

मी पोडाची, बाईंची, लग्नाच्या पिठाची, पाटीची सगळी हकिगत सांगितली. सरांनी ती डोळे मिटून ऐकली. चढ किती आहे ते विचारलं. मी हात तिरपा करून दाखवला. त्यांनी तुराटीनं माझा हात आणखी वर उचलला. मला वाटलं अंदाज घेतायत. ते तो चढ बघून आलेले होते, तरुणपणी, कुठल्याशा जंगलकामाच्या ट्रकमागं.

"हिचं जुनं पेट्रोल इंजिन असतं तरी तिथं रडलं असतं," ते म्हणाले. "आपण हिच्यात टर्बो डिझेल बसवू. चक्की वर जाईन. माया शब्द हाय, घरपोच."

त्या दिवसापासून माझं नाव घरपोच पडलं. काय घरपोच, आणला का पाना? घरपोच, ते धुतलं का?

सर गेले त्याला आता दुसरा हिवाळा आहे. झोपेत गेले, पण घरच्या पलंगावर. गाडीत नाही, हे त्यांना आवडलं नसतं. भेटायला गेलो तेव्हा काकूंनी कपाट उघडून दाखवलं. इस्तरीच्या पांढऱ्या घड्यांच्या चळतीत एकच सदरा काळ्या डागांचा. "हा धुवू नको म्हणाले होते," काकू म्हणाल्या. "सगळ्या लग्नांत हाच घालून जायचे. मले मेली लाज वाटे." त्या सदऱ्याला मीच कारणीभूत आहे. तिथवर येतोच.

झाड पडून मागचा भाग चेपलेली एक पिकअप सरांना माहीत होती. तिचं इंजिन शाबूत होतं. इंजिन बदलायची परवानगी आधी काढ, मग पाना धर, असं त्यांनी बजावलं आणि तेवढ्यासाठी मला आरटीओ कचेरीच्या इतक्या चकरा मारायला लावल्या की तिथला शिपाई मला सुट्टी कधी आहे ते विचारू लागला. परवानगी आली आणि काम सुरू झालं.

टर्बो म्हणजे काय, हे सरांनी मला चहा पिताना समजावलं. "इंजिन धूर फेकून देते. टर्बो त्याच धुराच्या जोरावर एक पंखा फिरवते आणि इंजिनात जास्तीची हवा कोंबते. म्हणजे गाडी आपल्याच उसाशावर चढते. समजलं?"

"समजलं."

"मंग सांग."

मी सांगितलं. अठरा मार्क मिळाले.

नवं इंजिन जुन्या गिअरबॉक्सला जुळेना. मधली जाड प्लेट लेथवर कातून आणली. इंजिन बसवायच्या खुर्च्या वेल्डिंगवाल्या चाचांनी केल्या. चाचा सरांचे जुने विद्यार्थी, पण वयानं त्यांच्याएवढेच दिसायचे. रेडिएटर पुढं सरकवला. हे सगळं मी लिहितो आहे तितकं सोपं नव्हतं, कारण हे सगळं मी केलं होतं. एक नट मी उलट्या बाजूनं इतका आवळला की तो काढायला चाचांना गॅस पेटवावा लागला. "सेठ, आप दुकान संभालो," ते कळवळून म्हणाले. "ये नट भी किसी का बेटा है."

शेवटी इंजिन बसलं, पण बॉनेट बसेना. टर्बो वर आला होता. बॉनेट कापून मधोमध उंचवटा करायचा, तर तसा गोल पत्रा मिळेना. सर घरात गेले आणि काकूंची स्टीलची परात घेऊन आले. चाचांनी ती पालथी घालून मापात कापली आणि बसवून दिली. अगदी बेतशीर बसली. संध्याकाळी काकू कणीक भिजवायला परात शोधत शोधत शेडपर्यंत आल्या, जीपकडं पाहिलं आणि सरांना म्हणाल्या, "माझ्या माहेरचं एवढं एकच राह्यलं होतं. आता हिच्यावरच पोळ्या लाटा." दुसऱ्या दिवशी मी दुकानातून नवी परात नेऊन दिली. काकूंनी ती उलटी करून तळ वाजवून पाहिला. माझी कीर्ती तिथवर पोचली होती.

इंजिन पहिल्या सेल्फला सुरू झालं. सरांनी तुराटी काखेत धरली आणि इंजिन बंद करायला सांगून पुन्हा सुरू करायला लावलं. मग पुन्हा. लहान मूल फटाक्याची वात पाहतं तसा त्यांचा चेहरा होता.

राहिलं होतं एकच काम. टर्बोकडून इंजिनाकडं हवा नेणारा जाड रबरी पाइप, त्याच्या दोन्ही टोकांच्या क्लिपा आवळायच्या. एक आवळली. दुसरीला पेचकस लावला आणि फोन वाजला. पोडावरच्या बाई. "वर कधी येऊन राह्यले?" मी पेचकस खाली ठेवला आणि उभं राहून, शेडभर ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "बाई, परवा सकाळी चक्की तुमच्या दारात. हे माझं वचन आहे." बोलणं संपल्यावर मी स्वतःवर इतका खूश होतो की बॉनेट लावून टाकलं.

"झालं?" सरांनी विचारलं.

"झालं."

ठरल्या दिवशी सकाळी पायथ्याशी पोचलो. सर शेजारी बसून आले होते, कारण सरांना गाडी चालवता येत नव्हती. अर्धं आयुष्य डिझेल इंजिनं शिकवली आणि स्टेअरिंगला कधी हात लावला नाही. "चालवणं हे ड्रायव्हरचं काम हाय," एवढंच म्हणायचे. लायसन्सच्या परीक्षेत नापास झाले होते असं काकूंकडून कळलं. त्या परीक्षेला त्यांनी किती मार्क दिले, ते विचारायची माझी छाती झाली नाही.

पोडावरच्या बायका अर्ध्या वाटेपर्यंत उतरून आल्या होत्या. कडेच्या पळसाखाली रांगेत उभ्या. मागं दोरखंडानं बांधलेली चक्की. सर जीपसमोर गेले, नव्या इस्तरीत, आणि तुराटी उंचावून उलट्या पावलांनी चढू लागले. डावीकडं. सरळ. दम धर. मी चारही चाकं जोडली, सगळ्यांत जड गिअर टाकला आणि जीप गोट्यांवर चढू लागली. खरंच चढू लागली. टर्बोची शिटी ऐकू येऊ लागली तशी बायकांतून कुणीतरी हसलं. मीही हसलो. एका हातानं केस नीट केले.

पहिलं वळण पार झालं आणि चढ ऐन तिरपा झाला. मी पाय दाबला. फट्, असा आवाज आला, जीपमागं काळा धूर पसरला आणि इंजिनातला जीवच गेला. मी ब्रेकवर उभा राहिलो. अध्यक्षबाई धावत आल्या, मागच्या चाकाखाली गोटा सारला आणि खिडकीशी येऊन म्हणाल्या, "मेली का?"

सरांनी बॉनेट उघडायला लावलं. रबरी पाइप एका टोकानं निसटून लोंबत होता. सर माझ्याकडं वळले.

"आपण दोन्ही क्लिपा आवळल्या होत्या का?"

शुद्ध भाषा. मी म्हणालो, "एक आवळली होती."

"आणि दुसरी?"

"दुसरी आवळून राह्यलो होतो, तेवढ्यात फोन आला."

"कोणाचा?"

मी बाईंकडं पाहिलं.

"माया होता," बाई म्हणाल्या. "मंग? मी म्हटलं का, पेचकस खाली ठेवा म्हून?"

पेचकस अजून खालीच होता. राळेगावच्या रस्त्यावर, शेडमध्ये.

बाईंनी हाक मारली तशा सगळ्या बायका जीपमागं गोळा झाल्या, पदर खोचून. दोघींनी पत्र्याला खांदाही लावला.

"कोणी हात लावू नका," सर ओरडले. "ही धक्क्यानं चढली, तर मी हिला चढली म्हणणार नाही."

"सर, तुमी नका म्हनू," बाई शांतपणे म्हणाल्या. "चक्कीले का मालूम धक्का कोनाचा हाय? मले लग्नाचं पीठ पायजे. व्याह्याच्या दारात बोलून बसली मी. तुमचं इंजिन तुमी मंग चढवा, दिवाळीले चढवा."

सरांनी एकदा चढाकडं पाहिलं, एकदा पाइपाकडं, एकदा स्वतःच्या सदऱ्याकडं. पाइपाचं तोंड तेलानं बरबटलेलं, इंजिन वाफाळलेलं. माझ्या हाती ते काम पुन्हा देणं म्हणजे काय, हे त्यांना कळत होतं. मलाही कळत होतं, म्हणून मी पुढं झालो नाही.

"एक डाव द्या मले," सर म्हणाले. शुद्ध भाषा गेली होती. "एकच. नाई चढली तर तुमच्यासंग मीबी धकवतो."

"एकच हं," बाई म्हणाल्या.

सरांनी तुराटी त्यांच्या हातात दिली. ती तुराटी त्यांनी दुसऱ्या कुणाच्या हातात दिलेली मी कधी पाहिली नव्हती. बाह्या वर सरकवल्या आणि सर इंजिनात वाकले, थेट कोपरापर्यंत आणि मग खांद्यापर्यंत. पाइप तोंडावर दाबून बसवला, क्लिप फिरवून जागेवर आणली. आवळायला काही नव्हतं. बाईंनी कमरेचा विळा काढून दिला. सरांनी त्याच्या टोकानं स्क्रू आवळला. आवळता आवळता दुसऱ्या, म्हणजे मी आवळलेल्या क्लिपेलाही विळा लावून पाहिला. तीही आणखी फिरली. ते काही बोलले नाहीत, पण मला ऐकू आलं.

सरळ उभे राहिले तेव्हा सदरा गळ्यापासून खिशापर्यंत काळा झाला होता. हात पुसायला मी माझा रुमाल पुढं केला. सरांनी तो पाहिला आणि दोन्ही हात स्वतःच्या छातीवर पुसले, सावकाश, नीट.

"चालव, घरपोच."

तुराटी बाईंच्याच हातात राहिली होती. त्या जीपसमोर गेल्या आणि सरांसारख्याच उलट्या पावलांनी चढू लागल्या. "उजवीकडं. अजून. दम धरा, भाऊ. केसं मंग विंचरा." सर माझ्या खिडकीला लागून चालत होते, डोळे इंजिनावर, कान त्याहून जास्त. मी पाय दाबला. शिटी वाढत गेली, बारीक, लांब, डोंगरावरून परत येणारी. पुढची चाकं गोट्याला भिडली, थांबली, आणि मग जीप उचलली गेली, जशी कुणी बखोटीला धरून उचलावी. मागून कुणाचा हात नव्हता. बायका दोन्ही बाजूंनी चढत होत्या आणि आता कुणी हसत नव्हतं, सगळ्या नुसत्या बोलत होत्या, कोलामीत, एकदम. शेवटच्या वळणावर सर मागं पडले. आरशात पाहिलं तर ते वाटेच्या मधोमध उभे होते, कमरेवर काळे हात ठेवून, धापा टाकत, आणि जीपकडं असं बघत होते की मला आरशातून नजर काढावी लागली.

लग्नाचं पीठ वरच दळलं गेलं, हे इथंच सांगून टाकतो. व्याही तो चढ पायी चढून आले आणि चक्की पाहायला जेवायच्या आधी गेले. सर त्या लग्नात काळा सदरा घालून पंगतीत बसले आणि भाकरीला त्यांनी अठ्ठ्याण्णव दिले. दोन का कापले, असं बाईंनी विचारलं, तेव्हा म्हणाले, पूर्ण द्यायची मला सवय नाही. तो चढ जीप अजूनही चढते. पोरं तिला परातवाली म्हणतात.

पण त्या दिवशीचं सांगत होतो. वर पोचलो. चक्की उतरवली, समाजमंदिराच्या ओसरीत ठेवली, वायरमननं जोडून दिली. सगळं पोड जमलं. सरही पोचले, पाणी प्यायले आणि माझ्यापाशी येऊन हळूच म्हणाले, "पस्तीस. पास केलं तुले."

पस्तीस मार्क माझ्या डोक्यात गेले. मी चक्कीशेजारी उभा राहिलो आणि भाषण सुरू केलं. की मित्रहो, लोक मला हसले. की मी इंजिन नसलेली गाडी घेतली तेव्हा सारं नेर हसलं. पण दिलेला शब्द माणसानं कसा पाळावा, याचं उदाहरण आज तुमच्यासमोर उभं आहे. असं म्हणून मी बटणाकडं हात नेला.

बाईंनी माझ्या मनगटावर तुराटी ठेवली.

"थांबा, भाऊ," त्या म्हणाल्या. "आधी झाकन उघडा. तुमची आनलेली हाय, आत दगड हायेत का पाहू द्या."